वेझले आणि आजूबाजूच्या पायवाटा : मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पॅरिसला राहायला आल्यापासून पुण्या-मुंबईहून कुणी आलं की तिसऱ्या दिवशी ठरलेला प्रश्न येतो, आयफेल टॉवर झाला, म्युझियम झालं, आता जरा गावाकडे चालायला कुठे जाता येईल? मी दरवेळी वेझलेचं नाव घेतो आणि मग त्याच त्याच पंचवीस प्रश्नांना फोनवर उत्तरं देत बसतो. म्हणून एकदाच बसून सगळं लिहून टाकतोय. इथे डोंगर तुम्हाला दमवणार नाही, दमवणार ती गावातली बंद दुकानं. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी एवढं ठेवा.

वेझले आहे कुठे?

बर्गंडीत, योन जिल्ह्यात, पॅरिसच्या आग्नेयेला साधारण २२० किलोमीटरवर. एका लांबट टेकडीच्या पाठीवर वसलेलं छोटंसं गाव, वस्ती काहीशेच, एकच मुख्य रस्ता आणि तो सरळ चढत वर मोठ्या चर्चपाशी जाऊन थांबतो. चर्च म्हणजे मेरी मॅग्डालेनची बॅसिलिका, बाराव्या शतकातली, १९७९ पासून युनेस्कोच्या यादीत. टेकडी समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या आसपास म्हणजे आपल्या हिशोबात काहीच नाही, पण भोवतालचा प्रदेश इतका बुटका आणि लाटालाटांचा आहे की आठ-दहा किलोमीटरवरूनसुद्धा ते चर्च दिसत राहतं. दक्षिणेला मोर्वाँ नावाचा जंगलाचा भाग सुरू होतो, त्याचं प्रादेशिक नैसर्गिक उद्यान १९७० साली झालं.

आम्ही सह्याद्रीत चालणारी माणसं, आम्हाला बोअर नाही का होणार?

खरं सांगू? पहिल्या तासात होईल. राजगड, हरिश्चंद्रगड केलेल्या माणसाला इथे "चढ कधी येणार" असं वाटत राहतं, आणि तो येतच नाही. अख्ख्या मोर्वाँचं सगळ्यात उंच टोक ओ-फोलँ ९०१ मीटर, आपलं कळसूबाई १६४६. रॉक पॅच नाही, दोर नाही, एक्सपोजर म्हणजे पायाशी उघडी दरी नाही. इथे कुठे "पोचायचं" नसतं. शेताच्या कडेने जायचं, जंगलात शिरायचं, नदीवर उतरायचं, एका गावातनं जाऊन दुसऱ्या गावातनं निघायचं आणि परत यायचं. माझा एक मित्र आहे, भयंकर गडवेडा, तो पहिल्या दिवशी घड्याळ बघत होता की किती वेळात संपवतोय, दुसऱ्या दिवशी मात्र एका गडग्यावर बसून चाळीस मिनिटं पांढऱ्या गायी बघत बसला. गडगा म्हणजे कोकणातला असतो तसाच, मातीचुन्याशिवाय रचलेल्या दगडांचा बांध. इथे पण असतात, आणि जिथे दगड नाही तिथे झुडपांच्या जाड रांगा लावून शेतं वेगळी केलेली असतात.

पॅरिसहून जायचं कसं?

ट्रेन पॅरिस-बेर्सी स्टेशनवरून सुटते, गार द ल्यों नव्हे, हे नीट वाचा कारण दोन्ही चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहेत आणि लोक हमखास चुकीच्या ठिकाणी उभे राहतात. उतरायचं सेर्मिझेल-वेझलेला. सगळं मिळून अडीच तासांच्या आसपास, कधी मधे गाडी बदलायला लागते.

आता इथे माझी फजिती सांगतो. ही रेल्वेलाईन वाटेत क्राव्हाँला फुटते, एक फाटा आव्हालोंकडे, दुसरा क्लामसीकडे, आणि काही गाड्यांचे डबेच तिथे दोन वाटांनी जातात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मस्त खिडकीची जागा बघून बसलो, कानात गाणी, अनाउन्समेंट ऐकलीच नाही, आणि उतरलो तो क्लामसीला. चूक शंभर टक्के माझीच. तेव्हा डब्यावरचं नाव वाचून बसा, आणि शंका वाटली तर शेजारच्या आजींना विचारा, त्यांना सगळं माहीत असतं.

स्टेशनवरून गाव किती लांब?

रस्त्याने साधारण १० किलोमीटर. सेर्मिझेल हे झोपाळू स्टेशन आहे, बाहेर रिक्षा उभ्या असतील असं काही नाही. बस मोजक्याच, वेळा आधी तपासा, टॅक्सी आदल्या दिवशीच फोन करून सांगून ठेवावी लागते. पाय धड असतील आणि पाठीवर सामान कमी असेल तर चालत जा. क्यूर नदीचं खोरं धरून अस्कँ गावावरून वर चढायचं, आणि चर्च टेकडीवर हळूहळू मोठं होत जातं. तसं बघायचं भाग्य गाडीने येणाऱ्यांच्या नशिबात नाही.

वाटेवरच्या रंगांच्या पट्ट्यांचा अर्थ काय?

हे शिकायला दोन मिनिटं लागतात आणि मग आयुष्यभर फ्रान्सभर उपयोगी पडतं. झाडावर, खांबावर, दगडावर रंगाच्या दोन आडव्या पट्ट्या असतात. वर पांढरी खाली लाल म्हणजे जीआर, लांब पल्ल्याची वाट. पिवळी-लाल म्हणजे एखाद्या प्रदेशाला वळसा घालणारी वाट. नुसती पिवळी म्हणजे छोटी, बहुतेक एका दिवसात गोल फिरून परत आणणारी. पट्ट्यांच्या खाली बाण असेल तर पुढे वळण आहे, आणि फुली असेल तर चुकलात, मागे फिरा. सगळ्यात जास्त लोक इथेच गंडतात, फुली दिसली की त्यांना वाटतं खूण आहे म्हणजे वाट बरोबर आहे.

या खुणा स्वयंसेवक रंगवतात, देशाच्या पदयात्रा महासंघाचे लोक, रिटायर्ड काका-मावश्या हातात ब्रश आणि रंगाचा डबा घेऊन फिरतात, मी स्वतः बघितलंय. ही पद्धत १९४७ साली सुरू झाली, पहिली जीआर त्या वर्षी लुआर नदीकाठी ऑर्लेआँजवळ आखली. आज फ्रान्सभर खुणा केलेल्या वाटा सगळ्या मिळून १ लाख ८० हजार किलोमीटरहून जास्त आहेत. वेझलेवरून जीआर १३ जाते, फाँतेनब्लोकडून येऊन मोर्वाँत घुसणारी, आणि जीआर ६५४, जी यात्रेकरूंची वाट आहे, त्याबद्दल खाली लिहिलंय.

गूगल मॅप पुरेल का?

नाही. गूगल तुम्हाला डांबरी रस्त्यावरनं नेईल आणि शेतातल्या वाटा त्याला धड माहीत नसतात. आयजीएन या सरकारी नकाशा संस्थेचा १:२५,००० चा कागदी नकाशा घ्या, म्हणजे नकाशावरचा चार सेंटिमीटर हा जमिनीवरचा एक किलोमीटर. त्यात विहीर, क्रॉस, एकटं घर सगळं असतं. मोबाईलमधे नकाशा डाउनलोड करून ठेवा कारण क्यूरच्या घळीत उतरलं की रेंज जाते-येते.

एकच दिवस आहे, कुठली वाट करू?

डोळे झाकून सँ-पेर आणि पिएर-पेर्त्युई. दोन्ही दक्षिणेला, जाऊन-येऊन पंधरा किलोमीटरच्या आसपास धरा, रमतगमत पाच-सहा तास.

वेझलेच्या टेकडीवरून द्राक्षमळ्यांच्या कडेने खाली उतरलात की दोनेक किलोमीटरवर सँ-पेर येतं, नदीकाठचं गाव. तिथलं नोत्र-दाम चर्च गॉथिक आहे, मनोरा इतका कोरीव की मला वाटतं वरच्या मोठ्या चर्चपेक्षा ते जास्त लाडाने बांधलंय, बाकी लोकांना हे मत पटत नाही. गावाबाहेर थोडं पुढे फाँतेन साले, म्हणजे खारट झरे. ही जागा माझी फार आवडती. जमिनीतून खारट पाणी वर येतं, आणि ते गोळा करायला माणसांनी ओकची खोडं पोकळ करून जमिनीत पुरली, विहिरीसारखी, ती खोडं चार हजार वर्षांहून जुनी आहेत. समुद्रापासून इतक्या आत मीठ म्हणजे सोनंच की. नंतर रोमन काळात तिथेच स्नानगृहं बांधली, त्यांचे पाये अजून दिसतात. तिकीट असतं आणि हिवाळ्यात बंद असतं.

तिथून नदीच्या अंगाने पिएर-पेर्त्युईकडे निघायचं. नाव बघा, पेर्त्युई म्हणजे भोक, भोक पडलेला दगड, आणि खरंच एक नैसर्गिक कमान आहे तिथे खडकाची, झाडीत लपलेली. नदीवर दोन पूल, एक खाली अठराव्या शतकातला दगडी, उंटाच्या पाठीसारखा, आणि एक खूप उंचावर, नंतरचा. खालच्या पुलावर उभं राहून वरच्या पुलाकडे बघायचं आणि डबा उघडायचा. इथे पायाखालची जमीन पण बदलते, वेझलेकडे फिकट चुनखडी आणि पुढे मोर्वाँचा ग्रॅनाइट, घरांच्या भिंतींचा रंग बघितलात तरी कळतं. परतीची वाट शेतातून घ्या, जंगलातून नको, कारण शेवटच्या चढावर ऊन कलतं तेव्हा ते चर्च अगदी पिवळसर गुलाबी होतं.

आई-बाबा पासष्टीचे आहेत, त्यांना झेपेल?

झेपेल की. पण सुरुवात गावातल्या चढाने करू नका, खालच्या मैदानापासून चर्चपर्यंतचा मुख्य रस्ताच चांगला दम काढतो, गुडघेवाल्यांनी मधे थांबत जावं, थांबायला कॅफे आणि पुस्तकांची दुकानं भरपूर आहेत. त्यांच्यासाठी तटबंदीला फेरी मारणारी वाट उत्तम, जवळजवळ सपाट, अक्रोडाची झाडं, खाली सगळं खोरं. जरा जास्त चालायचं तर उत्तरेच्या उतारावर ला कोर्देल नावाचं छोटं चॅपल आहे, तिथून खाली अस्कँ आणि परत, सगळे मिळून पाच-सहा किलोमीटर. ३१ मार्च ११४६ ला क्लेर्व्हो मठाच्या बर्नार्ड या साधूने फ्रान्सच्या राजासमोर दुसऱ्या क्रूसेडचं, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धाचं, आवाहन याच उतारावर केलं, गर्दी चर्चमधे मावणार नाही म्हणून उघड्यावर. त्या जागी क्रॉस आहे. आता तिथे इतकी शांतता असते की सैन्य-बिन्य खरं वाटत नाही.

आणि दोन दिवस असले तर?

मग बाझोशला जा. वेझलेहून दक्षिणेला, एका बाजूने दहा-बारा किलोमीटर, मुक्काम करून दुसऱ्या दिवशी वेगळ्या वाटेने परत. तिथला शातो, म्हणजे सरदारी वाडा, व्होबाँचा. किल्ल्यांचं वेड असलेल्या मराठी माणसाला हे नाव माहीत असायलाच हवं असं माझं प्रामाणिक मत आहे. व्होबाँ हा फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचा दुर्गरचनाकार, जन्म १६३३ चा, म्हणजे शिवाजी महाराजांपेक्षा तीन वर्षांनी लहान. तो याच भागातला, १६७५ मधे त्याने बाझोश विकत घेतलं आणि तिथल्याच दिवाणखान्यात त्याचे सहायक किल्ल्यांचे नकाशे काढत बसायचे. एकाच वेळी इकडे महाराज कड्याकपारींचा उपयोग करून किल्ले उभे करत होते आणि तिकडे हा सपाट जमिनीवर चांदणीच्या आकाराचे तट आखत होता, कारण त्याच्याकडे बहुतेक ठिकाणी कडे नव्हतेच, तोफेच्या गोळ्याला अडवायला भूमिती वापरायला लागली. गंमत म्हणजे व्होबाँच्या दुर्गांचे १२ गट २००८ साली युनेस्कोच्या यादीत आले आणि आपले मराठ्यांचे किल्ले २०२५ मधे आले, तेही १२. बाझोश स्वतः त्या १२ मधे नाही, ते घर आहे, किल्ला नाही. त्याची कबर गावच्या चर्चमधे आहे, हृदय मात्र नेपोलियनने १८०८ मधे पॅरिसला हलवलं. शातोच्या बाजूने उभे राहिलात तर लांबवर वेझलेची टेकडी दिसते, म्हणजे सकाळी कुठून निघालो ते डोळ्यांनी मोजता येतं.

कुठल्या महिन्यात जावं?

मे, जून आणि सप्टेंबर. जूनच्या शेवटी रात्री पावणेदहापर्यंत उजेड असतो, घाईच नाही. जुलै-ऑगस्टमधे ऊन चांगलंच तापतं आणि उघड्या शेतात सावली नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात मात्र वाटेच्या कडेला ब्लॅकबेरी पिकतात, फुकट, करवंदांच्या जाळीत हात घालून ओरखडे काढून घेतलेल्यांना तंत्र शिकवायला नको. नोव्हेंबर ते मार्च चिखल. हा चिखल आपल्या पावसाळ्यातल्यासारखा धुऊन जात नाही, चिकणमाती आहे, बुटाला एकेक किलो लागते आणि डिसेंबरात संध्याकाळी पाचला अंधार.

२१ जूनच्या आसपास जमलं तर एक गोष्ट चुकवू नका. सूर्य डोक्यावर येतो तेव्हा, म्हणजे उन्हाळी घड्याळात पावणेदोनच्या सुमारास, चर्चच्या दक्षिणेकडच्या खिडक्यांतून पडणारे उन्हाचे कवडसे बरोब्बर मधल्या वाटेवर एका ओळीत पडतात, दारापासून आत जाणारी प्रकाशाची पावलं. ढग असले तर काही दिसत नाही. मी तीनदा गेलो, एकदाच दिसलं.

चर्च बघायला तिकीट आहे का? आणि आत काय बघायचं?

तिकीट नाही. पूजाप्रार्थना रोज चालू असते, तिथे मंक आणि नन्स राहतात, तेव्हा आवाज कमी. आतल्या दारावरचं कोरीवकाम सावकाश बघा. मधे ख्रिस्त आणि भोवती जगातली सगळी माणसं, बाराव्या शतकातल्या कारागिराला "लांबचे लोक" कसे वाटत होते ते त्यात आहे, सुपाएवढ्या कानांची माणसं, घोड्यावर शिडी लावून चढणारी बुटकी माणसं. आपण त्या लांबच्या लोकांपैकी आहोत हे लक्षात आलं की हसू येतं. आणि आत उजवीकडच्या खांबांच्या माथ्यांमधे एक जातं शोधा. एक माणूस वरून धान्य ओततोय, दुसरा खाली पीठ गोळा करतोय. तो वरचा मोझेस आणि खालचा पॉल, जुन्या करारातलं धान्य दळून नव्याचं पीठ, असा अर्थ लावतात. जात्यावर बसून देवाचं गाणं म्हणणाऱ्या आज्यांच्या नातवंडांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

हे सगळं आज उभं आहे ते प्रॉस्पेर मेरिमेमुळे, हा लेखक आणि जुन्या वास्तूंचा सरकारी निरीक्षक. त्याने १८३४ मधे येऊन पडझड बघितली आणि १८४० मधे दुरुस्तीचं काम दिलं ते व्हियोले-ल-द्युक नावाच्या २६ वर्षांच्या पोराला.

हे यात्रेचं गाव ना? म्हणजे वारीसारखं?

थोडंसं. स्पेनमधल्या सांतियागोला चालत जाणाऱ्यांच्या फ्रान्समधल्या चार जुन्या मुख्य वाटांपैकी एक वेझलेहून निघते. अंतर सतराशे किलोमीटरच्या आसपास, दोन-अडीच महिने. गावच्या रस्त्यात पितळी शिंपले बसवलेत, तीच त्यांची खूण. शिंपला लटकवलेले लोक सकाळी निघताना दिसतील. पण वारीत जसा लोंढा, टाळ, फुगड्या, रिंगण असतं तसं काही नाही, इथे बहुतेक एकटा माणूस आपापल्या तंद्रीत चालतो, आणि त्यातले अर्धे लोक देवासाठी नाही तर नोकरी सुटली, रिटायर झालो, बायको गेली म्हणून निघालेले असतात. संध्याकाळी मुक्कामी पाय चेपत एका टेबलावर बसले की मात्र तुमचा-आमचा भेद राहत नाही, तेवढं वारीसारखं आहे. फोडांवर सुईदोरा की प्लास्टर, हा वाद दोन्हीकडे सारखाच पेटतो.

जेवणाचं काय? आम्ही शाकाहारी आहोत.

आता मूळ मुद्द्याला आलात. इथे जेवण बाराला सुरू होतं आणि दोनला किचन बंद. तुम्ही सव्वादोनला घामाघूम होऊन पोचलात तर मालकीणबाई अतिशय प्रेमाने नाही म्हणतील. दुकानं दुपारी बंद, सोमवारी बरंच काही बंद, काही ठिकाणी मंगळवारीही, आणि हिवाळ्यात गाव अर्धं झोपलेलं. लहान गावांत दुकानच नसतं. म्हणून सकाळी बेकरीतून पाव घ्या, चीज, टोमॅटो, सफरचंद घ्या आणि पाठीवर टाका. आमच्याकडे दशम्या, लसणाची चटणी आणि चिवड्याची पुडी जाते आणि कधीच वाया जात नाही.

हॉटेलात बकरीच्या चीजचं सॅलड, ऑम्लेट, गुझेर म्हणजे चीजचे गरम फुगलेले गोळे, हे शाकाहारी माणसाला चालेल, अंडं खात असाल तर. पण दोन सापळे आहेत. लार्दों, म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, इथल्या लोकांना ते मांस वाटतच नाही, मिठासारखं टाकतात, सॅलडमधे, किशमधे. आणि अंडी आं म्युरेत हे बर्गंडीचं फेमस, रेड वाईनच्या रश्श्यात अंडी, नाव ऐकून मागवाल आणि रश्श्यात बेकन निघेल. "सां व्यांद, सां पुआसों, सां लार्दों" हे तीन मंत्र पाठ करा, मांस नको, मासे नको, ते तुकडे नको. अगदी कडक पाळणाऱ्यांनी एपवास वगैरे जुन्या पद्धतीच्या चीजपासूनही लांब राहावं, त्यात दूध घट्ट करायला वासराच्या पोटातलं रेनेट असतं. आणि एपवासचा वास घरी फ्रीजमधे ठेवल्यावर समजतो, आमच्या शेजाऱ्यांनी दार वाजवलं होतं.

पाणी मिळतं का वाटेत?

दोन बाटल्या भरून निघा. संपलं तर गावाचं कब्रस्तान शोधा. हसू नका, फ्रान्समधल्या चालणाऱ्यांची ही जुनी युक्ती आहे, फुलांना घालायला तिथे नळ असतो. पाटी मात्र वाचा, "ओ नों पोताब्ल" म्हणजे पिण्यायोग्य नाही.

आणि वाईन?

आहे ना, वेझलेची स्वतःची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फिलॉक्सेरा किडीने इथले मळे साफ झाले, नंतर १९७० च्या दशकात लोकांनी पुन्हा लावायला घेतले, आणि २०१७ मधे वेझले या नावालाच अधिकृत दर्जा मिळाला, फक्त पांढरी, शार्दोने द्राक्षाची. चालायच्या आधी नको, चालून झाल्यावर. मळ्यातली द्राक्षं तोडून खाऊ नका, ती कुणाची तरी वर्षभराची कमाई आहे.

राहायचं कुठे?

दोन प्रकार. जीत देताप म्हणजे चालणाऱ्यांची धर्मशाळा म्हणा, एका खोलीत बरेच पलंग, स्वस्त. शांब्र दोत म्हणजे कुणाच्या तरी घरात खोली, सकाळचा नाश्ता धरून. शक्य असेल तिथे रात्रीचं जेवणही सांगून ठेवा, कारण मालक-मालकीण तुमच्यासोबत बसतात आणि गावाची खरी माहिती तिथेच मिळते. शाकाहारी असल्याचं बुकिंग करतानाच कळवा, टेबलावर बसल्यावर नाही. मे महिन्यातल्या सुट्ट्यांना खूप आधी बुक करा.

तंबू टाकता येईल?

वेझलेच्या परिसरात हवा तिथे टाकता येणार नाही, ऐतिहासिक वास्तूंच्या आजूबाजूला मनाई असते. कॅम्पिंगच्या अधिकृत जागेत टाका, किंवा शेतकऱ्याला विचारून त्याच्या शेतात. मी विचारलंय, दोनदा हो मिळालं, एकदा हो आणि वर डझनभर अंडी.

शेतातून चाललो तर कुणी ओरडेल का?

खुणांच्या वाटेवर असाल तर नाही. त्यातल्या बऱ्याच वाटा गावच्या मालकीच्या जुन्या शेतवाटा आहेत, लोकांना चालायला खुल्या. वाट सोडून पिकात घुसलात तर ओरडेल आणि बरोबरच करेल. फाटक उघडलंत तर मागे लावून घ्या. उघडं होतं तर उघडंच ठेवा.

गायी, साप, शिकारी? घाबरायचं कशाला?

गायी शारोले जातीच्या, पांढऱ्याशुभ्र, आपल्या खिलारीच्या दुप्पट रुंद. वासरू असेल तर मधे जाऊ नका. कुंपणाच्या तारेला करंट असतो, हात लावून बघू नका, माझ्या भाच्याने बघितलंय.

साप मी इतक्या वर्षांत एकदा बघितला, तो माझ्यापेक्षा जास्त घाबरला होता. खरी काळजी गोचिडीची घ्या. उंच गवतात, नेच्यांत असतात, बारीक, आणि त्यांच्यामुळे लाइम आजार होऊ शकतो. लांब पॅन्ट, पॅन्ट मोज्यात, आणि संध्याकाळी अंग तपासा, गुडघ्याच्या मागे, काखेत, जांघेत. औषधाच्या दुकानात गोचीड काढायचा छोटा आकडा मिळतो, तो घ्या, तेल-बिल ओतू नका. पुढच्या काही आठवड्यांत तिथे लाल चकती पसरत गेली तर डॉक्टरकडे.

शिकारीचा मोसम साधारण सप्टेंबर ते फेब्रुवारी. वाटेत "शास आं कूर" अशी पाटी दिसली की शिकार चालू आहे, वळून दुसरी वाट धरा. भडक नारिंगी काहीतरी घाला. इतक्या वर्षांत मला ही एकच गोष्ट अजूनही आवडलेली नाही.

फ्रेंच येत नाही, चालेल?

चालेल, पण दुकानात शिरताना "बोंजूर" म्हटल्याशिवाय तोंड उघडू नका. वाटेत समोरून येणाऱ्यालाही म्हणायचं. आपल्याकडे गडावर "जय शिवराय" म्हणतात ना, तसंच समजा. ते न म्हणता थेट इंग्लिशमधे प्रश्न विचारलात तर समोरच्याला इंग्लिश येत असूनही येईनासं होतं.

गावात भारताशी संबंधित काही आहे का?

आहे, आणि बहुतेकांना माहीत नसतं. रोमाँ रोलाँ, १९१५ चं साहित्याचं नोबेल मिळालेले, गांधीजींचं चरित्र १९२४ मधे लिहिणारे, त्यांनी रामकृष्ण आणि विवेकानंदांवरही पुस्तकं लिहिली, भारतात कधी न येता. १९३१ च्या डिसेंबरात गांधीजी लंडनच्या गोलमेज परिषदेहून परतताना त्यांच्याकडे स्वित्झर्लंडमधे जाऊन राहिले होते. पुढे १९३८ मधे रोलाँ वेझलेला आले आणि ३० डिसेंबर १९४४ ला इथेच गेले. त्यांच्या घरात आता झेर्व्हो म्युझियम आहे, पिकासो, मिरो वगैरे चित्रांचं. खिडकीतून दिसतं ते सगळं खोरं त्यांना शेवटची सहा वर्षं रोज दिसत होतं, त्यातली चार जर्मनांच्या ताब्यातली.

आणि त्यांचा जन्म कुठला? क्लामसीचा. जिथे मी चुकून पोचलो होतो ते. पुढची ट्रेन यायला तीन तास होते म्हणून गावात फिरलो, तेव्हा नदीवरच्या ओंडकेवाल्यांचा पुतळा बघितला. मोर्वाँची लाकडं नदीत सोडून पार पॅरिसपर्यंत वाहत न्यायचे, शहरातल्या शेकोट्या त्यावर पेटायच्या, हे काम सोळाव्या शतकापासून तीनशेहून जास्त वर्षं चाललं. पिएर-पेर्त्युईच्या पुलाखालच्या क्यूरमधूनही ओंडके जायचे. त्या दिवसापासून मी त्या पुलावर डबा खाताना पाण्याकडे वेगळ्या नजरेने बघतो.

बूट कोणते?

जे घरी आहेत ते, तळ धड असला म्हणजे झालं. नवे बूट मात्र इथे पहिल्यांदा घालू नका.

व्हिसाला वेगळं काही लागतं?

नाही, नेहमीचा शेंगेन, १८० दिवसांत ९० दिवस. विमा किमान ३०,००० युरोचा लागतोच, त्यात चालताना पाय मुरगळला तर कव्हर आहे का तेवढं वाचून घ्या.

काही झालं तर कुणाला फोन करायचा?

११२. रेंज नसलेल्या कंपनीच्या कार्डावरूनही दुसऱ्या नेटवर्कने लागतो. कुठे आहात ते सांगता यायला हवं, म्हणून कागदी नकाशावर शेवटचं गाव बोटाने धरून चाला.

रविवारी संध्याकाळची शेवटची ट्रेन चुकली तर?

तर सेर्मिझेलला काहीही नाही, बाक आहे. टॅक्सीवाल्याचा नंबर आधीच फोनमधे टाकून ठेवा आणि आव्हालोंला जाऊन रात्र काढा, तिथे हॉटेलं आहेत. पोचायला आठ वाजतील. किचन किती वाजता बंद होतं ते मात्र टॅक्सीतूनच फोन करून विचारा.